पॉलिमरसोम करताना: फिल्मवर घाई नको

पॉलिमरसोम म्हणजे पॉलिमरच्या पडद्याच्या सूक्ष्म पोकळ पिशव्या. आधी प्रत्येक घटकाचा वाटा मोजा. पाण्यात रमणारा पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) आणि पाण्याला बिचकणारा पॉलीब्युटाडाइन, यांच्या ब्लॉक कोपॉलिमरमध्ये (टोकाला टोक जोडलेल्या साखळीत) पीईजी वजनाने साधारण 35 टक्के हवा. 50 च्या वर गेलं की पोकळ पिशव्यांऐवजी मायसेल, म्हणजे आतून पोकळ नसलेले सूक्ष्म पुंजके, मिळतात. माझी पहिली खेप अशीच गेली.

क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून, अर्थात फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), रोटाव्हेपवर (फ्लास्क फिरवत द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) फिल्म धरा. सायीसारखी, पण पातळ नि एकसारखी. काठाशी पांढरे गोळे दिसले तर परत विरघळवा. मग रात्रभर व्हॅक्यूम, कारण उरलेला क्लोरोफॉर्म पेशींना मारतो. नाशिकला श्रावणात हवा ओलसर, म्हणून गंगापूर रोडच्या आमच्या लॅबमध्ये मी फ्लास्क डेसिकेटरमधून (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यातून) काढला की लगेच बफर (आम्लता स्थिर ठेवणारं पाण्यातलं द्रावण) घालते.

60 अंशांवर दिवसभर ढवळा. पाणी घातलेल्या दुधासारखी निळसर झाक आली की मला हायसं वाटतं. 200, मग 100 नॅनोमीटरच्या छिद्रांच्या फिल्टरमधून दाबून काढा.

पॉलिमरसोमचा पडदा लिपिडच्या (पेशीभोवती असतो तशा स्निग्ध रेणूंच्या) पडद्याच्या साधारण दुप्पट जाड, म्हणून चिवट. पण पॉलीब्युटाडाइन शरीरात विघटित होत नाही. औषध पोचवायचं असेल तर त्याऐवजी शरीरात विघटित होणारा पॉलीकॅप्रोलॅक्टोन घ्या आणि पीईजीचा वाटा पुन्हा पहिल्यापासून ठरवा.