मृगाच्या आधी: रेताड अंगणात कोरांटी

घर बांधून झालं की अंगणात दोन गोष्टी उरतात, गिट्टी आणि रेती. नागपुरातल्या आमच्या प्लॉटवर कन्हानच्या रेतीचा ढीग वर्षभर पडून होता. शेवटी तो पसरून टाकला, आणि मूळच्या काळ्या मातीवर हातभर रेताड थर बसला. अशा जागी गुलाबाचा हट्ट धरण्यापेक्षा पिवळी कोरांटी लावा. ती इथलीच. कमरेएवढी वाढते, 45 अंशांचा मे सोसते आणि पावसाळा सरता सरता फुलायला लागते. मात्र पहिल्या वर्षी ती तगायची असेल, तर जागेची तयारी मे संपेपर्यंत झालेली हवी.

सगळ्यात आधी सब्बल घ्या, दीड फूट खड्डा करा आणि त्यात बादलीभर पाणी ओता. रेतीतून ते झरझर उतरेल, पण खाली काळी माती असली तर तिच्यावर येऊन थांबेल, कारण ही माती ओली झाली की फुगते आणि पाणी पुढे जाऊ देत नाही. दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी दिसलं, तर जागा बदला किंवा वाफा वीतभर उंच करा. मी ही परीक्षा केली नव्हती. वर रोपांना बरं पडेल म्हणून प्रत्येक खड्ड्यात शेतातली काळी माती भरली. रेतीत तसे खड्डे म्हणजे भोक नसलेल्या कुंड्याच. श्रावणाची झड लागली आणि सहापैकी चार रोपांची मुळं कुजली. अजून हळहळ वाटते.

म्हणून आता काळी माती नाही. आहे त्याच रेतीत, तीन घमेल्यांना एक घमेलं या मापाने, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत मिसळा. तेही फक्त खड्ड्यात न घालता सगळ्या वाफ्यात. मुळं मग बाहेर पसरतात. शेणखत मुठीत घेऊन बघा: गरम लागलं किंवा शेणाचा वास आला, तर ते कच्चं आहे आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि उधई (वाळवी), दोन्हींना आमंत्रण आहे. रासायनिक खताची गोणी आणू नका, रेतीतून ते पहिल्याच जोरदार पावसात धुऊन जातं. सिमेंटचे आणि चुन्याचे खडे मात्र चाळून काढाच. त्यांच्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि पानं पिवळी पडतात.

रोप विकत घेणार असाल तर नर्सरीत नीट विचारा, कारण काट्यांची पिवळी आणि बिनकाट्यांची जांभळी, दोघींनाही कोरांटीच म्हणतात. पण शेजारच्या काकूंकडे झाड असेल तर विकत कशाला घ्यायचं? पाऊस स्थिरावला की पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी पेराच्या जरा खाली कापा, खालची पानं काढा आणि दोन पेरं रेतीत जातील अशी खोचा. जाड हातमोजे आधीच आणून ठेवा, पानांच्या बगलेतले काटे खोल रुततात. याच कारणासाठी फाटक आणि मुलांची खेळायची जागा टाळा. दोन झाडांत दोन फूट अंतर, अर्धा दिवस तरी ऊन.

आच्छादनाला भंडाऱ्याकडचं धानाचं तणस मिळालं तर उत्तम, नाहीतर अंगणातलाच वाळका पाला जाळण्याऐवजी पोत्यात भरून ठेवा. बुंध्यापासून चार बोटं सोडून पसरायचं. हिरव्या नेटचा एखादा जुना तुकडाही सांभाळून ठेवा: पहिल्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी कोवळ्या झाडांवर तेवढी सावली पुरते. त्या पहिल्या उन्हाळ्यात एक दिवसाआड, सकाळी, हळूहळू मुरेल असं पाणी द्या. पुढच्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पुरे. फुलं संपली की फेब्रुवारीत एक तृतीयांश छाटणी.

कीटकनाशक मात्र यादीत घालूच नका. पॅन्सी फुलपाखरांच्या काटेरी काळसर अळ्या कोरांटीच्या पानांवर वाढतात. आमच्याकडे ऑक्टोबरात पानांची जाळी होते, आणि नोव्हेंबरात झाड पुन्हा भरतं.