लिस्बनहून एका दिवसात ओबिदुश, पेनिश आणि नाझारे : खासगी मार्गदर्शकासोबतची सहल कशी आखावी

लिस्बनमध्ये चार दिवस मुक्काम असेल, तर त्यातला एक दिवस उत्तरेकडच्या मध्ययुगीन गावांसाठी आणि अटलांटिकच्या किनाऱ्यासाठी राखून ठेवावा. बस आणि रेल्वेने ही गावे गाठता येतात, पण एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा एकमेकींशी जुळत नाहीत आणि निम्मा दिवस थांब्यांवर जातो. तिघे-चौघे असतील, त्यातही सोबत ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुले असतील, तर वाहनासह खासगी मार्गदर्शक घेणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. खासगी सहलीचा दर बहुधा माणशी नसून वाहनाचा असतो. त्यामुळे एकट्या माणसाला ती महाग पडते, पण चौघांत तोच खर्च आवाक्यात येतो.

या भागातल्या सहलींच्या जाहिरातींत फातिमा, बाताल्या, आल्कोबासा, नाझारे आणि ओबिदुश अशी पाच नावे एका दिवसात बसवलेली दिसतात. आमची पहिली सहल अशीच होती. संध्याकाळी आईने विचारले, ‘त्या दोन थडग्यांची चर्च कुठल्या गावात होती?’ आणि आम्हा चौघांपैकी कोणालाही छातीठोकपणे उत्तर देता आले नाही. दुसऱ्या खेपेस आम्ही तीनच गावे ठरवली : सकाळी ओबिदुश, दुपारपर्यंत पेनिश आणि उतरत्या उन्हात नाझारे. खासगी गाडीचे पैसे मोजायचे ते आपल्या मर्जीने थांबता यावे म्हणून. थांबायलाच वेळ नसेल, तर मोठ्या बसची सहल स्वस्तात मिळते.

नोंदणी करण्यापूर्वी काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. पहिली म्हणजे येणारा माणूस नुसता चालक आहे, की गाडी चालवता चालवता माहिती देणारा चालक-मार्गदर्शक आहे, की चालकाखेरीज वेगळा मार्गदर्शक येणार आहे. जाहिरातीत तिन्हींना ‘गाईड’च म्हटलेले असते, पण नुसता चालक तुम्हाला वेशीशी सोडून गाडीतच बसून राहतो. पोर्तुगालमध्ये सहली आयोजित करणाऱ्या व्यावसायिकांना सरकारी पर्यटन संस्थेकडे नोंदणी करावी लागते, तेव्हा नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच करू नये. दरामध्ये महामार्गाचा टोल, प्रवेशशुल्क आणि जेवण यांपैकी काय धरलेले आहे, हेही स्पष्ट करून घ्यावे. लिस्बनहून उत्तरेस जाणारा ए-8 महामार्ग टोलचा आहे. ठरलेल्या तासांहून उशीर झाला तर वाढीव आकार किती, आणि हवामान बिघडल्यास दिवस बदलून मिळेल का, हे दोन प्रश्न नाझारेला जाणाऱ्याने तरी अवश्य विचारावेत. त्याचे कारण पुढे येईलच.

मुले सोबत असतील तर त्यांचे वय आणि उंची आधी कळवावी. बारा वर्षांखालील आणि 135 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांसाठी तिथे गाडीत वेगळे आसन लागते आणि ते ऐन वेळी मिळत नाही. मुक्काम आल्फामासारख्या जुन्या वस्तीत असेल, तर गाडी दाराशी येईल हे गृहीत धरू नये. तिथल्या गल्ल्या आपल्या पेठांतल्या बोळांपेक्षाही अरुंद आहेत. जवळचा एखादा चौक भेटीचे ठिकाण म्हणून ठरवावा.

वार निवडताना सोमवार टाळावा. पेनिशचे संग्रहालय सोमवारी बंद असते. आम्हाला हे कळले ते किल्ल्याच्या बंद दारासमोर उभे राहिल्यावर, आणि सोबतच्या मार्गदर्शकाने खांदे उडवून ‘समुद्र तर उघडा आहे ना’ असे म्हटल्यावर. चूक त्याची होतीच, पण आदल्या रात्री वेळापत्रक पाहण्याचे कष्ट आम्हीही घेतले नव्हते. पेनिशसाठी दुसऱ्यांदा जावे लागले ते त्यामुळे.

सकाळी आठच्या सुमारास निघावे. ओबिदुश सुमारे 80 किलोमीटरवर, तासाभराच्या अंतरावर आहे आणि मोठ्या बस येण्यापूर्वी तिथे पोहोचण्यात सगळी गंमत आहे. साडेनऊला मुख्य रस्त्यावर दुकानदार फळ्या काढत असतात. अकरानंतर त्याच रस्त्यावर पुण्याच्या तुळशीबागेसारखी गर्दी असते. 1148 साली पोर्तुगालचा पहिला राजा आफोंसु हेन्रिकश याने हे गाव मूर सत्ताधाऱ्यांकडून जिंकले. पुढे 1282 मध्ये राजा दिनिश याने ते आपली राणी इसाबेल हिला दिले आणि हे राण्यांचे गाव म्हणून ओळखले गेले. पोर्तुगीज आंदण होऊन एखादे बेट दुसऱ्या राजाकडे जाते, हे मुंबईच्या माणसाला नवीन नाही.

गावाच्या मुख्य दरवाजाशी मार्गदर्शकाला दोन मिनिटे थांबायला सांगावे. हा दरवाजा सरळ नाही. बाहेरच्या कमानीतून आत शिरल्यावर वाट वळते आणि मगच दुसरी कमान लागते, म्हणजे चाल करून येणाऱ्याला सरळ धडक देता येऊ नये. रायगडाचा किंवा शिवनेरीचा दरवाजा ज्याने पाहिला आहे, त्याला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही. वेगळेपण आहे ते दोन कमानींच्या मधल्या जागेत : तिथे अठराव्या शतकातल्या निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेली छोटी प्रार्थनेची जागा आहे. लोक फोटो काढण्याच्या घाईत खालून निघून जातात, म्हणून मान वर करून पाहावे.

गावाभोवतीची तटबंदी सुमारे दीड किलोमीटर लांब आहे आणि तिच्यावरून चालता येते. मात्र फांजीला, म्हणजे तटावरच्या वाटेला, आतल्या बाजूने बहुतेक ठिकाणी कठडा नाही, वाट अरुंद आहे आणि समोरून कोणी आले तर एकाला भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी आणि लहान मुलांना घेऊन कोणीही वर जाऊ नये. पावसानंतर तर अजिबात नाही. खालचे रस्तेही गुळगुळीत झालेल्या दगडांचे आहेत, त्यामुळे रबरी तळाचे बूट हवेत. गुडघेदुखी असलेल्यांनी वरच्या किल्ल्यापर्यंत न जाता मधल्या चौकातल्या सांता मारिया चर्चमध्ये बसावे. तिथे झोझेफा द ओबिदुश हिची चित्रे आहेत. सतराव्या शतकात स्वतःच्या नावावर चित्रकार म्हणून जगलेली ही बाई याच गावात राहिली. किल्ल्यात आता हॉटेल आहे, त्यामुळे तो आतून न पाहिल्याची रुखरुख नको. सांतियागु चर्चमध्ये पुस्तकांचे दुकान आहे, तिथे मात्र जावे.

दुकानांच्या दारात चॉकलेटच्या इवल्याशा पेल्यातून जिंजा देतात. हे आंबट चेरीपासून केलेले गोडसर मद्य असते. आधी ते प्यायचे आणि मग पेला खायचा. मुलांसाठी रिकामा पेला मागितला तरी कोणी नाही म्हणत नाही.

ओबिदुशहून पेनिश पंचवीसेक किलोमीटरवर आहे. बहुतेक तयार सहलींत हे गाव नसते आणि मार्गदर्शकही ‘तिथे काय आहे?’ असे विचारतात. मराठी आणि कोकणी माणसाने तिथे का जावे, हे म्हणूनच जरा विस्ताराने सांगतो.

पेनिशच्या किल्ल्याचा पोर्तुगालच्या सालाझार हुकूमशाही राजवटीने 1934 पासून 1974 पर्यंत राजकीय कैद्यांचा तुरुंग म्हणून वापर केला. (‘तुरुंग’ हा आपला शब्दच पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून आला, असे व्युत्पत्तीचे अभ्यासक मानतात.) पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या 18 जून 1946 च्या मडगावच्या सभेनंतर गोव्यात जी धरपकड झाली, तिच्यात गोवा मुक्तिलढ्यातले नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना अटक झाली. लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा दिली आणि ती भोगण्यासाठी त्यांना याच किल्ल्यात आणले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे आणि डॉ. राम हेगडे यांनाही त्याच काळात पोर्तुगालला पाठवण्यात आले होते. गोवा मुक्तिलढ्यातलेच मोहन रानडे यांचा तुरुंग मात्र हा नव्हे. ते लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात होते आणि त्यांची सुटका 1969 च्या जानेवारीत झाली. या दोन जागांची गल्लत पुष्कळदा होते, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

ती राजवट उलथवणाऱ्या 25 एप्रिल 1974 च्या क्रांतीनंतर दोन दिवसांनी इथले कैदी सुटले. त्या घटनेला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, 27 एप्रिल 2024 रोजी, इथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय पूर्णपणे खुले झाले. आत कोठड्या आहेत आणि कैद्यांच्या भेटीची खोलीही आहे. तिथे मध्ये काच असे, पहारेकरी ऐकत असे आणि कैद्याचे नातेवाईक दूरच्या गावाहून येऊन तेवढ्यावर समाधान मानत. मडगावहून कोण येणार होते? 3 जानेवारी 1960 रोजी कम्युनिस्ट नेता आल्वारु कुन्याल आणि त्याचे नऊ सोबती इथून निसटले, ती हकीकत मार्गदर्शक रंगवून सांगतात आणि ती ऐकण्यासारखी आहेच. तथापि आपण गोव्याचा विषय काढावा. आमच्या मार्गदर्शकाला गोव्यातल्या कैद्यांविषयी काहीच माहिती नव्हती. त्याने खिशातून वही काढून कुन्हांचे नाव उतरवून घेतले. या ठिकाणाला सव्वा ते दीड तास द्यावा.

दुपारचे जेवण पेनिशमध्येच उरकावे. हे मासेमारीचे बंदर आहे, तेव्हा मासे खाणाऱ्यांना कोळशावर भाजलेली सार्डिन म्हणजे तारली सोडून दुसरे काही सुचवण्याची गरज नाही. उन्हाळ्यात ती सर्वांत चांगली मिळते. शाकाहारींनी ‘सें कार्न, सें पेइश’, म्हणजे मांस नको आणि मासा नको, हे दोन्ही सांगावे, कारण नुसते मांस नको म्हटले तर ताटात मासा येतो. भाज्यांचे सूप बहुतेक ठिकाणी असते, पण त्यात मांसाचा रस्सा घातला आहे का, ते विचारावे. काल्दु वेर्द या हिरव्या सुपात तर सॉसेजची चकती ठरलेलीच असते. पाव आणि बटाटा हे शब्द तिथे जवळजवळ जसेच्या तसे समजतात, आणि अगदीच अडले तर त्या दोहोंवर निभावते. बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज टेबलावर येते. ते फुकट नसते. खाल्ले तर बिलात लागते. नको असेल तर हात न लावता परत पाठवावे, त्यात कोणाला राग येत नाही. बिलावरून वाद झालाच, तर तक्रारवही मागावी; ती ठेवणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे.

पेनिशहून नाझारे पाऊण-एक तासावर आहे. मार्गदर्शकाला गाडी आधी वर, सीतियु या कड्यावरच्या वस्तीत न्यायला सांगावे. शंभर मीटरहून उंच असलेल्या या कड्यावरून खालचा अर्धचंद्राकृती किनारा एका नजरेत मावतो. वरून खाली यायला 1889 साली सुरू झालेली, तारेने ओढली जाणारी रेल्वे आहे; ज्येष्ठांना तिने उतरवून गाडी खाली बोलवावी.

नाझारेच्या प्रचंड लाटांचे फोटो पाहून जाणाऱ्यांची बहुधा निराशा होते, कारण त्या लाटा साधारणपणे ऑक्टोबर ते मार्च या काळातच येतात आणि त्या काळातही रोज येत नाहीत. किनाऱ्यापर्यंत येऊन भिडलेली एक समुद्रतळाची दरी तिथे आहे. ती खोल पाण्यात पाच हजार मीटरपर्यंत उतरत जाते. दूरच्या वादळातून आलेली लाट दरीच्या खोल पाण्यावरून वेगाने पुढे सरकते, बाजूच्या उथळ तळावरून येणारा तिचाच भाग मंदावतो आणि वळतो, आणि दरीच्या टोकाशी हे दोन्ही भाग एकमेकांवर चढतात. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीच्या सेबास्टियन श्टॉयट्नरने 26.21 मीटर उंचीच्या लाटेवर इथे सर्फिंग केले आणि त्याची विश्वविक्रम म्हणून नोंद झाली. हिवाळ्यात जाणार असाल, तर लाटांचा अंदाज दोन-तीन दिवस आधी पाहून सहलीचा दिवस ठरवता यावा, म्हणूनच दिवस बदलण्याची अट आधी विचारायची. लाटा पाहण्याची जागा म्हणजे लाल दीपगृहाचा सांव मिगेलचा किल्ला. त्याच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर लाटा लहान दिसल्या तरी पाण्यात उतरू नये.

डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या आत मावळतो, त्यामुळे हिवाळ्यात पेनिशला रेंगाळलात तर नाझारे अंधारात पाहावे लागेल. उन्हाळ्यात घाई नसते, पण वारा असतो. जुलैतही अंगावर घालायला काही तरी जवळ ठेवावे.

खालच्या वाळूवर लाकडी चौकटींना जाळी ताणून तिच्यावर मासे वाळवत ठेवलेले दिसतात. पोट चिरून वहीच्या दोन पानांसारखे उघडलेले, उन्हात तांबूस झालेले. वेसाव्याला दोरीवर टांगलेले बोंबील पाहिलेल्या माणसाला तो वास ओळखीचा वाटतो. मागे छत्रीखाली बसलेल्या वयस्कर बायका ते विकतात; त्यांपैकी काहींच्या अंगावर अजूनही तिथले एकावर एक सात परकर असतात. फोटो काढण्याआधी विचारावे, आणि विचारले तर मूठभर मासे विकत घ्यावेत.

अंगात उत्साह असेल, तर परतताना चौदा किलोमीटरवरचे आल्कोबासा करता येते. राजा पेद्रु आणि त्याची प्रेयसी इनेश यांची थडगी तिथल्या मठात पायाला पाय लावल्यागत समोरासमोर आहेत, म्हणजे अंतिम दिवशी उठल्याबरोबर दोघे प्रथम एकमेकांना पाहतील. आईला आठवत नव्हती ती चर्च हीच. पण मठ संध्याकाळी बंद होतो, म्हणून ते पाहायचेच असेल तर पेनिश किंवा ओबिदुशमधला एक तास कमी करावा लागेल. मी करणार नाही.

नाझारेहून लिस्बन दीड तासावर आहे, शहराच्या तोंडाशी कामावरून परतणाऱ्यांची कोंडी लागली तर अधिक. मार्गदर्शकाला बक्षिसी देणे सक्तीचे नाही, पण काम मनापासून केले असेल तर निरोपाच्या वेळी रोख देण्याची पद्धत आहे. जिंजाची बाटली घेतली असेल, तर ती विमानात हातातल्या सामानात नेता येत नाही. कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध ठेवावी, कारण फुटली तर तो लालभडक डाग पांढऱ्या सदऱ्यावरून निघत नाही.