व्हॉइसमेलचा दिवा लागत नसेल, किंवा विझत नसेल तर

फोनवरचा दिवा सहसा स्वतःहून काही शोधत नाही. निरोप साठतात एक्सचेंजमध्ये, पीबीएक्समध्ये (ऑफिस किंवा हॉटेलातलं खासगी एक्सचेंज) किंवा सर्व्हरवर. तिथून ‘लाव’ किंवा ‘विझव’ अशी खूण येते आणि फोन तेवढंच करतो. म्हणून फोन उघडण्याआधी दोन गोष्टी पाहा: लाइनवरून कोणत्या प्रकारची खूण येते, आणि या फोनला कोणती कळते. दोन्ही जुळत नसतील तर फोन बदलूनही उपयोग नाही.

साध्या ॲनालॉग लाइनवर पहिली तपासणी फुकटची आहे: रिसीव्हर उचला आणि ऐका. डायल टोन आधी तुटक येऊन मग सलग झाला, तर नवा निरोप असल्याचं एक्सचेंजला माहीत आहे. उत्तर अमेरिकेतल्या पद्धतीत ३५० आणि ४४० हर्ट्झचा मिश्र टोन ०.१ सेकंद चालू, ०.१ सेकंद बंद असा साधारण १० वेळा तुटतो. हा टोन त्याच क्षणी तयार होतो, त्यामुळे दिव्यापेक्षा त्याच्यावर भरवसा ठेवा. टोन तुटक आणि दिवा बंद, तर दोष दिव्याच्या वाटेवर. टोन सलग आणि दिवा चालू, तर विझवण्याची खूण वाटेत हरवली. टोन सलग, दिवाही बंद, पण मेलबॉक्समध्ये निरोप पडलेला, तर मेलबॉक्स त्या लाइनशी जोडलेलाच नाही. फोनला हात लावू नका.

(याच तुटक टोनमुळे जुने मोडेम आणि फॅक्स कधीकधी डायल टोन नाही म्हणून अडून बसतात. मोडेमला एटी-एक्स-३ ही आज्ञा दिली की तो टोनची वाट न पाहता डायल करतो.)

आता दिवा. हॉटेलांमधल्या जुन्या फोनांत तो बहुधा निऑनचा असतो. रिसीव्हर ठेवलेला असताना लाइनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी असतात. तेवढ्यावर निऑन पेटत नाही आणि करंटही ओढत नाही. पीबीएक्स हा दाब ९० व्होल्टच्या आसपास नेतो तेव्हा तो पेटतो. मल्टिमीटर डीसीच्या २०० व्होल्टहून मोठ्या रेंजवर ठेवून लाइनच्या दोन तारांवर मोजा. निरोप असतानाही ४८ च दिसले, तर पीबीएक्सचं ते कार्ड निऑनला लागणारा दाब देत नाही किंवा ती सेटिंग बंद आहे. साधा फोन इंटरनेटला जोडणारे बहुतेक ॲडॅप्टरही हा दाब देत नाहीत, त्यामुळे निऑनचा फोन त्यांना लावला की दिवा मेलाच समजा. मोजताना उघड्या तारांना बोट लावू नका. मध्येच रिंग आली तर ९० व्होल्टच्या आसपास एसी येतो. रिंगबरोबर निऑन लुकलुकतो तोही याचमुळे, तो बिघाड नव्हे.

घरगुती फोनांत बहुधा एफएसके असतं, म्हणजे दोन वेगळ्या स्वरांतून १ आणि ० पाठवायची, कॉलर आयडीचीच पद्धत: १२०० बॉड, १ साठी १२०० हर्ट्झ आणि ० साठी २२०० हर्ट्झ. संदेशाचा प्रकार १३०, त्यात पॅरामीटर ११; त्याची किंमत २५५ असेल तर दिवा लावा, ० असेल तर विझवा. शेवटी चेकसम, म्हणजे संदेश वाटेत बिघडला का ते पडताळायचा आकडा. तो जुळला नाही तर फोन संदेश गुपचूप टाकून देतो आणि ‘पुन्हा पाठव’ म्हणायची सोयच नाही. खरी मेख इथेच आहे. विझवण्याची खूण आली तेव्हा दुसऱ्या खोलीत कोणी रिसीव्हर उचललेला होता, किंवा डीएसएलचा (फोनच्याच तारेवरून येणाऱ्या इंटरनेटचा) फिल्टर न लावल्यामुळे लाइनवर खरखर होती, की दिवा अडकला. उपाय: त्याच नंबरवर स्वतःच एक निरोप ठेवा, मेलबॉक्समध्ये जाऊन तो ऐका, पुसा, रिसीव्हर ठेवा आणि मिनिटभर लाइन मोकळी सोडा. नवी खूण येते आणि दिवा विझतो. मोबाइलवर चिकटून राहिलेलं व्हॉइसमेलचं चिन्हही बहुधा असंच जातं. तिथे ही खूण एका खास एसएमएसने येते.

लाइनला जोडायचे दिव्याचे सुटे डबे निराळेच: ते फोन ठेवल्यावर क्षणभर स्वतः लाइन उचलून तुटक टोन ऐकतात. ते बाहेरच्या फोन कंपनीचा टोन ओळखण्यासाठी बनवलेले असतात. पीबीएक्सचा टोन वेगळा असला तर फसतात.

एसआयपी फोनांसाठी, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनांसाठी, आरएफसी ३८४२ हे मानक आहे. फोन मेसेज-समरी या घटनेसाठी सबस्क्राइब करतो, म्हणजे ‘काही बदललं की कळव’ असं सांगून ठेवतो, आणि सर्व्हर नोटिफाय हा संदेश पाठवतो. त्यात मेसेजेस-वेटिंग समोर येस किंवा नो, आणि व्हॉइस-मेसेज समोर २/८ अशी जोडी: २ नवे, ८ जुने, पुढे कंसात तातडीचे. सर्व्हरवर लॉग चालू करून हाच मजकूर शोधा. नोटिफायला ४८९ उत्तर आलं तर फोनला ही घटनाच कळत नाही. सबस्क्राइबलाच ४०४ आलं तर मेलबॉक्सचं नाव चुकलंय. दिवा सुरुवातीला नीट चालून काही वेळाने गप्प होत असेल, तर सबस्क्रिप्शनची मुदत पाहा (न सांगितल्यास १ तास), आणि हे संदेश ज्या यूडीपीच्या वाटेने येतात ती राउटर त्याआधीच बंद करतो का तेही.

ॲस्टरिस्क या पीबीएक्स सॉफ्टवेअरच्या पीजेसिपमध्ये (त्याच्या एसआयपी भागात) मेलबॉक्स एंडपॉइंटखाली, म्हणजे फोनच्या मुख्य नोंदीत, लिहिला तर नोटिफाय न मागता जातं. एओआरखाली, म्हणजे फोनच्या पत्त्याच्या नोंदीत, लिहिला तर फोनने सबस्क्राइब करावं लागतं. फोन सबस्क्राइब करत नाही आणि मेलबॉक्स मात्र एओआरखाली, ही नेहमीची चूक. निरोपाच्या फाइली थेट डिस्कवरून पुसल्या तर ॲस्टरिस्कला पत्ताच लागत नाही. त्यासाठी व्हॉइसमेलच्या सेटिंगमध्ये पोल-मेलबॉक्सेस चालू करा. मग तो ठरावीक अंतराने, मुळात दर ३० सेकंदांनी, मेलबॉक्स स्वतः जाऊन बघतो.