मॉरिशसमध्ये स्थायिक होऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी

मॉरिशसमध्ये राहायला येणाऱ्यांनी घर शोधण्यापूर्वी बेटाची ठेवण समजून घ्यावी. ज्वालामुखीतून घडलेले हे मुख्य बेट सुमारे 1,865 चौरस किलोमीटरचे असले, तरी मधल्या पठारावरची क्युरपिप आणि वाक्वा ही शहरे पावसाळी व थंड आहेत, तर किनाऱ्यावरच्या राजधानीत, पोर्ट लुईमध्ये, दमट उकाडा असतो. येथे जुलै-ऑगस्टमध्ये हिवाळा असतो. म्हणून पठारावर घर घेताना भिंतींना ओल धरते का, हे पाहिल्याशिवाय करार करू नये.

साधारण नोव्हेंबर ते मे हा चक्रीवादळांचा काळ. इशारे एक ते चार अशा श्रेणींत दिले जातात आणि तिसरी श्रेणी जाहीर झाल्यावर कोणत्याही कारणाने घराबाहेर पडू नये. 1960 च्या कॅरोल वादळात लाकडी व पत्र्याची असंख्य घरे उद्ध्वस्त झाली. आज जिकडेतिकडे दिसणारी सपाट छपरांची काँक्रीटची घरे त्यानंतर वाढली. ती दिसायला साधी असली, तरी निवड करताना त्यांनाच प्राधान्य द्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

डच 1710 मध्ये बेट सोडून गेले, 1715 मध्ये फ्रेंच आले आणि 1810 मध्ये इंग्रजांनी ते जिंकले. मात्र शरणागतीच्या अटींनुसार रहिवाशांचे कायदे, चालीरीती व धर्म कायम राहिले. त्यामुळे आजही सरकारी कागदपत्रे बहुधा इंग्रजीत, वर्तमानपत्रे मुख्यतः फ्रेंचमध्ये आणि बाजारातले बोलणे क्रिओल या फ्रेंचवरून घडलेल्या लोकभाषेत चालते, तर घराचे खरेदीखत फ्रेंच परंपरेतल्या नोटरीकडून करून घ्यावे लागते. इंग्रजीवर कार्यालयातले काम निभावते, परंतु शेजार जोडायचा असेल तर क्रिओल शिकण्याला पर्याय नाही.

2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलस’ जहाजातून 36 भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले आणि पुढच्याच वर्षी येथील गुलामगिरी कायद्याने संपली. त्यानंतर आलेल्या लाखो गिरमिटियांपैकी, म्हणजे करारबद्ध मजुरांपैकी, मुंबई बंदरातून निघालेल्यांत कोकणातली अनेक कुटुंबे होती. हे मजूर जिथे उतरत, तो पोर्ट लुईमधला आप्रवासी घाट पाहायला अवश्य जावे. पण गुलामांच्या प्रतिकाराची आठवण जपणारा ल मॉर्न डोंगरही तितक्याच आदराने पाहावा, कारण शेजारी राहणाऱ्या क्रिओल, म्हणजे मुख्यतः गुलामांच्या वंशातल्या, कुटुंबांचा इतिहास तेथे आहे. गुलामगिरी संपल्याचा 1 फेब्रुवारी आणि मजूर आल्याचा 2 नोव्हेंबर या दोन्ही दिवशी देशभर सुट्टी असते.

येथील मराठी समाजाने गणेशोत्सव आणि कोकणातले जाखडी नृत्य पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी मिळते. अनेकांची आडनावे पूर्वजाच्या पहिल्या नावावरून पडलेली असल्याने आडनावावरून गाव किंवा जात शोधू नये, आणि घरात क्रिओल बोलणाऱ्यांच्या मराठीतल्या चुका तर मुळीच काढू नयेत. मळ्यांवरच्या कष्टांतून त्यांनी ही भाषा वाचवली, तिथे आपण पाहुणे आहोत. कास्काव्हेलसारख्या मराठी वस्तीत उत्सवाला जाताना आरतीची चाल वेगळी वाटली, तरी त्यांच्याच चालीत सूर मिसळावा.

मुलांना सरकारी प्राथमिक शाळेत घालणाऱ्यांनी प्रवेशाच्या वेळीच मराठी विषयाची चौकशी करावी. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीच्या उच्च शिक्षणाचीही सोय आहे.