प्रीमेडचे विषय कम्युनिटी कॉलेजात : पैसे वाचवा, साखळी मात्र तोडू नका

मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभं असताना दरवर्षी कुणीतरी मला गाठतंच. "काकू, कम्युनिटी कॉलेजात केमिस्ट्री केली तर मेडिकलला चालते का हो?" मी तोंड उघडायच्या आत मागून कुणीतरी ठोकून देतं, "छे, तिथलं कोण धरतं!" आणि पुढचा म्हणतो, "काही फरक पडत नाही, कुठूनही करा." दोन्ही उत्तरं चूक. (कम्युनिटी कॉलेज म्हणजे स्वस्तातलं, दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. प्रीमेड म्हणजे अमेरिकेत मेडिकलला जाण्याआधी कॉलेजात करायचे विज्ञानाचे विषय.) माझ्या दोन्ही मुली, एक भाचा आणि फ्रीमाँट-क्युपर्टिनोकडची पाचसहा पोरं, एवढ्यांची नावनोंदणी मी शेजारी बसून करून घेतली आहे. त्यात एक गोष्ट आमच्या चांगलीच अंगाशी आली. ती सविस्तर सांगते, बाकीचं भराभर. लिहितेय ते कॅलिफोर्नियाबद्दल. इतर राज्यांत फी आणि नियम वेगळे असतात.

आधी हिशोब

फी युनिटवर, म्हणजे कोर्सच्या वजनावर असते. काही कॉलेजं वर्षाचे दोन भाग करतात, ते सेमिस्टर, काही तीन, ते क्वार्टर. इथल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात सेमिस्टरच्या एका युनिटला ४६ डॉलर पडतात. डी अँझासारख्या क्वार्टरने चालणाऱ्या कॉलेजात ३१. म्हणजे जनरल केमिस्ट्रीचं अख्खं वर्ष, पाच-पाच युनिटांचे तीन क्वार्टर, ४६५ डॉलरमध्ये उरकतं. जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, बायॉलॉजी आणि फिजिक्स हे सगळं लॅबसकट केलं तर अंदाजे ४० सेमिस्टर युनिट होतात, म्हणजे १,८४० डॉलर. पुस्तकं, गॉगल, पार्किंग वेगळं. उत्पन्न कमी असेल तर कॉलेज प्रॉमिस ग्रँट या राज्याच्या फीमाफीचा अर्ज भरा, ही फीसुद्धा माफ होते.

हे दर रहिवाशांचे. त्यासाठी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे पुरावे लागतात. एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असलेल्यांना रहिवासी ठरता येतं, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना नाही, आणि त्यांची फी कितीतरी पट जास्त. अजून एक कडू गोष्ट आत्ताच सांगून टाकते : अमेरिकेतली बरीच मेडिकल कॉलेजं फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात. मूल एच-४ वर असेल आणि ग्रीन कार्डाची रांग लांबलचक असेल, तर हे बोलणं आधी घरात होऊ द्या, केमिस्ट्री मग.

कोणता कोर्स घ्यायचा

सायन्स मेजरवाल्यांचा, म्हणजे ज्यांचा पदवीचा मुख्य विषय विज्ञान आहे त्यांचा. नुसतं नावात केमिस्ट्री आहे म्हणून नाव घालू नका. डी अँझाला केम १ए, १बी, १सी ही मालिका आपली. केम ३०ए नर्सिंगसारख्या अभ्यासक्रमांना जाणाऱ्यांसाठी. बायॉलॉजीची ६ नंबरची मालिका आपली, ४० नंबरची ॲनॉटमी-फिजिऑलॉजी आपली नाही. फिजिक्स कॅल्क्युलसवालंच हवं असा हट्ट बहुतेक मेडिकल कॉलेजं धरत नाहीत. राज्यभर सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत कोर्सचे नंबर सारखे करायचं काम २०२५ च्या फॉल सत्रापासून सुरू झालंय, तेव्हा मैत्रिणीच्या मुलाने दिलेल्या जुन्या यादीवर विसंबू नका. लॅब प्रत्यक्षातली घ्या. ऑनलाइन लॅब काही ठिकाणी धरत नाहीत, आणि कुठे धरतात ते शोधत बसण्यापेक्षा सकाळी आठला गॉगल लावून उभं राहिलेलं बरं.

साखळी : इथेच पाय घसरतो

प्रीमेडचे मोठे विषय एकेकटे कोर्स नसतात, मालिका असतात. सेमिस्टरच्या कॉलेजात ऑरगॅनिक दोन भागांत शिकवतात, क्वार्टरच्या कॉलेजात तीन. वर्षाचा माल तोच, तुकडे वेगळे. एका ठिकाणचा पहिला तुकडा दुसरीकडच्या पहिल्या तुकड्यापेक्षा मोठा आणि दुसऱ्यापर्यंत न पोचणारा. तिथे कुठलाही हिशोब जुळत नाही.

माझी थोरली क्वार्टरवाल्या विद्यापीठात होती. पहिलं वर्ष संपवून सुट्टीत घरी आली. मी म्हटलं, नुसती बसतेस कशाला, जवळच्या कॉलेजात ऑरगॅनिकचा पहिला भाग करून टाक, पैसेही वाचतील. ते कॉलेज सेमिस्टरचं. सोळा आठवड्यांचा कोर्स आठ आठवड्यांत. पोरगी रोज रात्री जेवणाच्या टेबलावर प्लॅस्टिकचे गोळे आणि काड्या जोडत बसायची. ए मिळाला. मी पेढे वाटले.

सप्टेंबरमध्ये विद्यापीठाच्या केमिस्ट्री विभागाने कागद पाहिले आणि सांगितलं, तुझा सेमिस्टर आमच्या पहिल्या क्वार्टरइतका धरू, उरलेला अर्ध्या क्वार्टरचा भाग वाया. आमच्याकडे लॅब वेगळा कोर्स असतो, तो पुन्हा करावा लागेल. ठीक, म्हटलं, पुढे तर जा. दुसऱ्या क्वार्टरला बसली. पहिले तीन आठवडे तिला सगळं येत होतं, म्हणून ती निवांत. मग मिडटर्म आली. दुसऱ्याच पानावर एनएमआरचा, म्हणजे रेणूची रचना ओळखायच्या चाचणीचा आलेख : आडव्या रेघेवर सुळक्यांसारखे उंच-ठेंगणे शिखरांचे गठ्ठे, आणि खाली प्रश्न, हा रेणू कोणता? बाकीच्या मुलांनी असे आलेख वाचायचा धडा, स्पेक्ट्रोस्कोपी, पहिल्या क्वार्टरलाच केला होता. कम्युनिटी कॉलेजात तो दुसऱ्या सेमिस्टरला होता. तिने ते चित्र जन्मात पाहिलं नव्हतं. त्या क्वार्टरचा बी-मायनस आजही तिच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर आहे. यात दोष ना कॉलेजचा, ना विद्यापीठाचा. दोष मधेच गाडी बदलायला लावणाऱ्या आईचा.

म्हणून माझा नियम, आणि यात मी कुणाचं ऐकत नाही : मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवायची. जनरल केमिस्ट्री सगळी इथे आणि ऑरगॅनिक सगळी तिथे, हे चालेल. ऑरगॅनिक अर्धी इथे, अर्धी तिथे, हे अजिबात नाही. दोन्ही कॉलेजं क्वार्टरची असली तरीही नाही, कारण कोणता धडा कधी घ्यायचा हे प्रत्येक विभाग आपापलं ठरवतो.

मालिका निवडण्याआधी असिस्ट ही राज्याची वेबसाइट उघडा. कम्युनिटी कॉलेज, यूसी किंवा कॅल स्टेट (राज्याच्या दोन सरकारी विद्यापीठ-साखळ्या) आणि वर्ष निवडा, मग त्या मेजरचा करार, म्हणजे तिथला कोणता कोर्स इथे कशाच्या जागी धरतात ते वाचा. ओळींमधला "आणि" हा शब्द बोट ठेवून शोधा. तीन कोर्स "आणि"ने जोडलेले असतील तर तिन्ही केल्यावरच पलीकडचे मिळतात. दोन केलेत तर बऱ्याचदा हातात काहीच पडत नाही. यूसींपैकी बर्कली आणि मर्सेड सेमिस्टरच्या, डेव्हिस, सॅन डिएगो, एलए वगैरे क्वार्टरच्या, हे ध्यानात ठेवलंत की अर्धा गोंधळ आधीच कळतो. खासगी विद्यापीठांचे करार असिस्टवर नसतात. त्यांच्या विभागाला ईमेल करून उत्तर लेखी घ्या. "काउन्सेलर फोनवर हो म्हणाल्या होत्या" याला नंतर कुणी विचारत नाही.

आणि उन्हाळ्यातली ऑरगॅनिक? नको. माझ्या मुलीला ए मिळाला ते खरं, पण डिसेंबरपर्यंत त्यातलं निम्मं ती विसरली होती, आणि एमकॅट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला तेच लागतं.

जागा मिळवणं

नव्या विद्यार्थ्याचा नावनोंदणीचा नंबर बराच मागे लागतो आणि लॅबच्या जागा आधी संपतात. वेटलिस्टला नाव घाला आणि पहिल्या दिवशी वर्गात हजर राहा. दरवेळी दोनचार जण येत नाहीत, मग शिक्षक ॲड कोड, म्हणजे रिकाम्या जागी नाव घालायचा कोड देतात. आधीची केमिस्ट्री दुसरीकडे केली असेल तर तिथली ट्रान्सक्रिप्ट देऊन पूर्वअट पूर्ण झाल्याची नोंद महिनाभर आधी करून घ्या, नाहीतर ऐन वेळी संगणक अडवतो.

शाळेतल्या मुलांना यात ढकलू नका

इथे माझं डोकं फिरतं. शाळेतल्या मुलांना कम्युनिटी कॉलेजचे कोर्स जवळपास फुकट मिळतात, म्हणून आपले लोक पंधरा वर्षांच्या मुलाला सुट्टीत कॉलेजच्या केमिस्ट्रीला बसवतात. मेडिकलचे बहुतेक अर्ज ज्या ॲमकॅस या सामायिक अर्जव्यवस्थेतून जातात, तिथे प्रत्येक अमेरिकन कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट द्यावी लागते, शाळेत असताना केलेल्या कोर्सचीसुद्धा. ते गुण जीपीएत, म्हणजे गुणांच्या सरासरीत धरले जातात. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए तर वेगळा काढतात. कोर्स पुन्हा केला तरी जुना गुण पुसला जात नाही, दोन्ही मोजतात. अर्ध्यात सोडला तर डब्ल्यू, म्हणजे कोर्स सोडल्याची खूण दिसते. पंधराव्या वर्षी कंटाळून मिळवलेला सी बाविसाव्या वर्षी अर्जावर हजर. इंग्लिश किंवा सायकॉलॉजी घेऊ द्या हवं तर. केमिस्ट्री राहू द्या.

कॉलेजातल्या मुलांनीही कोर्स जमत नाहीये असं दिसलं तर डब्ल्यूशिवाय सोडायची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी. ती तारीख फार लवकर येते.

मेडिकल कॉलेजं काय म्हणतात

ते आमच्या रांगेतल्या काकांना विचारू नका. मेडिकल कॉलेजांची संघटना एएएमसी, तिची एमएसएआर ही कॉलेजांची माहिती काही डॉलर भरून घ्या. प्रत्येक कॉलेजला कम्युनिटी कॉलेजचे कोर्स चालतात का, शाळेत दिलेल्या एपी परीक्षांचं क्रेडिट चालतं का, ते त्यात दिलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी चालतात, काही ठिकाणी चार वर्षांच्या विद्यापीठातले जास्त पसंत करतात. प्रवेश समितीला खटकतं ते हे : मूल मोठ्या विद्यापीठात शिकतंय आणि अवघड विषय तेवढे गुपचूप सुट्टीत स्वस्तातल्या कॉलेजात उरकतंय. जो मुळात कम्युनिटी कॉलेजातच दोन वर्षं काढून ट्रान्सफर होतो त्याचं तसं दिसत नाही. त्याने सगळे पायाचे विषय तिथे खुशाल करावेत आणि पुढे विद्यापीठात बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, फिजिऑलॉजी असे वरचे कोर्स घेऊन चांगले गुण दाखवावेत. बायोकेमिस्ट्री कम्युनिटी कॉलेजात शोधत बसू नये, ती विद्यापीठाचीच.

भारतातून बी.एस्सी. किंवा बी.फार्म. करून आलेल्या वहिनींसाठी दोन वाक्यं : ॲमकॅस भारतातले गुण जीपीएत धरत नाही आणि बहुतेक कॉलेजांना अमेरिकेतलं शिक्षण लागतंच. तुमच्यासाठी कम्युनिटी कॉलेज ही उत्तम सुरुवात आहे, पण फक्त चारपाच कोर्स करून भागेल असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

कागद

प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवा, लॅबचे तास दिसतील असा. चार वर्षांनी कुणीतरी मागतंच आणि तोवर शिक्षक निवृत्त झालेले असतात. नाव सगळीकडे एकसारखं लिहा : एका कॉलेजात मधलं नाव वडिलांचं, दुसऱ्यात नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यात आडनावाचं स्पेलिंग वेगळं, असं झालं की ट्रान्सक्रिप्ट अर्जाशी जुळवताना अडकते. भाच्याच्या एका कॉलेजात "देशपांडे"मधला एक ई गायब होता. तो परत आणायला आम्हाला सहा आठवडे, पासपोर्टची प्रत आणि खिडकीवर तीन खेपा लागल्या.