रेंज जाते ती फोनमुळे की टॉवरमुळे? घरच्या घरी कसं तपासाल

दुकानात तक्रार केली की ते म्हणतात, नेटवर्कच खराब आहे. कस्टमर केअरला विचारलं की ते म्हणतात, हँडसेट तपासून घ्या. दोघांपैकी कुणाचंही म्हणणं खरं असू शकतं, पण कुणाचं ते ठरवायला तुमच्या हातात काहीच नसतं आणि टोलवाटोलवी महिनोन् महिने चालते. हातात काहीतरी यावं म्हणून ही पद्धत. सामान फार लागत नाही. कागद-पेन, एक लाकडी टेबल, चार जाड पुस्तकं, तुमचं सिम चालेल असा दुसरा एखादा फोन आणि तासभर वेळ.

आधी दांड्या मोजणं सोडा

स्क्रीनवरच्या त्या चार-पाच दांड्या म्हणजे मोजमाप नव्हे. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारी कंपनी आपल्या मर्जीने ठरवते. सगळ्यांना लागू असा एकच नियम नाही. त्यामुळे एका फोनवर तीन आणि दुसऱ्यावर चार दांड्या दिसल्या, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

दांड्यांवर विसंबून वाद घातला की काय होतं, त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अॅपलचा आयफोन ४. हा फोन २४ जून २०१० रोजी बाजारात आला. त्याच्या कडेने फिरणारी स्टेनलेस स्टीलची पट्टी हाच त्याचा अँटेना होता. डाव्या बाजूला खालच्या कोपऱ्याजवळ त्या पट्टीत एक बारीक फट होती. फोन डाव्या हातात धरला की तळहात बरोबर त्या फटीवर यायचा, पट्टीचे दोन तुकडे हाताने जोडले जायचे आणि सिग्नल घसरायचा. तक्रार करणाऱ्या एका ग्राहकाला अॅपलचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी ईमेलने कळवलं की, तसा धरू नका. उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं, पण ज्याने नवा फोन विकत घेतला आहे त्याला द्यायचं हे उत्तर नव्हे.

मजा अशी की, काही लोक शपथेवर सांगत होते की पकड बदलून काही फरक पडत नाही, आणि काहींच्या दांड्या डोळ्यांदेखत पाचावरून एकावर येत होत्या. दोघेही खरं बोलत होते. अनँडटेक या संकेतस्थळाने मोजून दाखवलं की हा फोन उणे ९१ डीबीएमपर्यंत सगळ्या पाच दांड्या दाखवत होता. (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, आकडा शून्याच्या जितका खाली तितका सिग्नल कमजोर. दोन आकड्यांतला फरक डेसिबलमध्ये सांगतात.) म्हणजे टॉवरजवळ, उणे ६०च्या आसपास राहणाऱ्या माणसाचा सिग्नल पकडीमुळे २० डेसिबलने पडला तरी तो उणे ८०वर येणार, आणि दांड्या पाचच्या पाच. उणे ९०वर असलेल्याचा तेवढाच पडला, की तो थेट एक-दोन दांड्यांवर. २ जुलैला अॅपलने जाहीर पत्र काढून कबूल केलं की दांड्या मोजण्याचं आपलं सूत्रच चुकलेलं होतं आणि कित्येकदा दोन दांड्या जास्तीच्या दिसत होत्या. नवं सूत्र अपडेटमधून आलं. फट मात्र होती तिथेच राहिली.

खरा आकडा कुठे दिसतो

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा, त्यात ‘सिम स्टेटस’ किंवा नुसतं ‘स्टेटस’ असेल. तिथे ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’समोर डीबीएममध्ये आकडा असतो. प्रत्येक कंपनी मेनू थोडा इकडेतिकडे करते, त्यामुळे दोन मिनिटं शोधाशोध करावी लागेल. आयफोनवर डायल पॅडवर *३००१#१२३४५#* टाकून कॉलचं बटण दाबा. चाचणीचा पडदा उघडेल, त्यात ‘आरएसआरपी’ हा आकडा शोधा, ४जी सिग्नलची ताकद तोच सांगतो.

आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला, म्हणजे उणे ७० हा उणे १००पेक्षा कितीतरी सरस. ४जीसाठी ढोबळ अंदाज असा ठेवा: उणे ८०च्या वर उत्तम, उणे ९५पर्यंत छान, उणे १०५पर्यंत कामचलाऊ, त्याखाली रडतखडत, आणि उणे ११५नंतर फोन केव्हाही मान टाकतो. आणि ही मोजपट्टी सरळ नाही. ३ डेसिबल पडले की ताकद निम्मी होते, १० पडले की दहावा हिस्सा उरतो, २० पडले की शंभरावा. म्हणून २०चा फटका किरकोळ समजू नका.

एक पथ्य पाळायचं. २जी, ३जी आणि ४जीचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका, ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. सेटिंग्जमध्ये नेटवर्क ४जीवर बांधून ठेवता येत असेल तर चाचणीपुरतं ठेवा. चाचणीच्या पडद्यावर बँडचा, म्हणजे फोन ज्या लहरींच्या पट्ट्यावर चालतोय त्याचा, क्रमांक दिसत असेल तर तोही लिहून ठेवा. मध्येच फोनने बँड बदलला तर त्या नोंदीचा उपयोग नाही.

पकडीची चाचणी: फोन हलवू नका, हात हलवा

बहुतेकांची चूक इथेच होते. टेबलावरचा फोन उचलून हातात घेतात, आकडा पडलेला दिसतो आणि पकडीवर खापर फुटतं. पण घरात लहरी भिंतींवर, कपाटांवर आपटून उलटसुलट येत असतात. कुठे त्या एकमेकींना जोर देतात, कुठे एकमेकींना मारतात. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १७ सेंटीमीटर असते. त्यामुळे फोन नुसता वीतभर सरकला तरी आकडा १० डेसिबलने बदलू शकतो, हाताचा स्पर्श झाला नसला तरीही.

म्हणून असं करा. घरातली अशी जागा निवडा, जिथे आकडा उणे ९५ ते उणे १०५च्या दरम्यान आहे. भरपूर सिग्नलच्या जागी अँटेनाचा दोष झाकला जातो. टेबल लोखंडी नको. पुस्तकांची चळत रचा आणि फोन तिच्यावर असा ठेवा की खालचा अर्धा भाग कडेबाहेर राहील. आता फोन जागचा न हलवता तुम्हाला हात खालून वर नेऊन तो धरता येईल.

आधी हात न लावता वाचन घ्या. आकडा लगेच बदलत नाही, म्हणून प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबा आणि पाच-सहा नोंदी करून सरासरी काढा. मग नेहमीसारखी सैल पकड, मग खालचा भाग तळहाताने घट्ट वेढून, मग कडेवरच्या प्लास्टिकच्या बारीक रेघांवर एकेक बोट ठेवून. त्या रेघा शोभेच्या नाहीत, धातूच्या चौकटीचे अँटेनासाठी तुकडे पाडणाऱ्या फटीच आहेत. हे सगळं एकदा कव्हरसकट आणि एकदा कव्हर काढून. शेवटी पुन्हा हात न लावता वाचन घ्या. पहिलं आणि शेवटचं वाचन जवळपास सारखं नसेल, तर मधल्या काळात टॉवरकडूनच काहीतरी बदललंय, सगळं परत करा.

उत्तर कसं वाचायचं? हाताने ५ ते १० डेसिबल पडणं ही सामान्य गोष्ट आहे. आपलं शरीर म्हणजे बरंचसं खारं पाणी, ते लहरी शोषतं आणि अँटेनाचा सूरही थोडा बिघडवतं. कुठलाच फोन यातून सुटत नाही. घट्ट आवळून धरल्यावर १५पर्यंत गेलं तरी मी फोनला दोष देणार नाही. सैल, रोजच्या पकडीत सलग २०च्या आसपास पडत असेल, तर मात्र तक्रारीत दम आहे. अनँडटेकच्या मोजणीत आयफोन ४चा सिग्नल नेहमीच्या पकडीत सुमारे २० डेसिबलने पडत होता, आणि कव्हर चढवल्यावर तोच फरक ७च्या आसपास आला. कव्हरने अँटेना सुधारला नव्हता, फक्त त्वचा धातूपासून लांब ठेवली होती.

उलटही घडतं. धातूचं कव्हर किंवा गाडीतल्या चुंबकी स्टँडसाठी मागे चिकटवलेली लोखंडी चकती सिग्नल खाते. कव्हर काढल्यावर आकडा सुधारला, तर दोषी सापडला आणि पुढचं काही करायची गरज नाही.

आता सिमची अदलाबदल

तुमचं सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला आणि त्याच जागी, त्याच पुस्तकांवर मोजा. फोनमधली मोजणी तंतोतंत नसते, त्यामुळे ४-५ डेसिबलचा फरक सोडून द्या. पण दुसरा फोन त्याच बँडवर सतत १० किंवा अधिकने पुढे असेल, तर तुमच्या फोनकडे बोट दाखवायला हरकत नाही. दोन्ही फोन सारखेच रडत असतील तर टॉवर लांब आहे किंवा मध्ये भिंती जास्त आहेत. मग दुसऱ्या कंपनीचं सिम तुमच्या फोनमध्ये घालून बघा. तेवढ्याने सुधारलं, तर हँडसेट बदलण्याचा खर्च वाचला.

दोन सापळे इथे आहेत. फोन दुसऱ्या देशातून आणलेला असेल तर त्यात इथले काही बँड नसू शकतात. तो बिघाड नव्हे आणि तो दुरुस्तही होत नाही. दुसरा सापळा, स्क्रीन किंवा बॅटरी बदलल्यापासून रेंज गेली असेल तर. फोनच्या आत अँटेनाकडे जाणारी दोऱ्याइतकी बारीक वायर असते, तिचं बटणासारखं टोक बसवायचं राहून जातं किंवा अर्धवट बसतं. दुरुस्तीवाल्याकडे परत जा आणि नेमकं हेच तपासायला सांगा.

आकडा उत्तम पण इंटरनेट गोगलगाय, असं असेल तर अँटेनाला निर्दोष सोडा. टॉवरवर गर्दी आहे. रात्री नऊला आणि पहाटे पाचला वेग मोजा, फरक दिसेल.

कॉल प्रत्यक्ष लावून पाहा

पडद्यावरचा आकडा फक्त टॉवरकडून येणारं सांगतो. तुमच्याकडून जाणाऱ्या आवाजाचं तो काहीच सांगत नाही. टॉवरकडे कित्येक वॅटची ताकद असते आणि ४जीवर फोनची कमाल साधारण पाव वॅटच्याही आत. म्हणून तुम्हाला समोरच्याचं स्वच्छ ऐकू येतं आणि त्याला मात्र तुमचे शब्द तुटक जातात, हे पकडीच्या त्रासाचं नेहमीचं लक्षण आहे. वाय-फाय कॉलिंग बंद करा, ओळखीच्या कुणाला तरी फोन लावून आकडे मोठ्याने मोजत राहा, मध्येच पकड बदला. कुठले आकडे गाळले गेले ते त्याने लिहून ठेवायचं. मग तेच स्पीकरवर, फोन पुस्तकांवर ठेवून.

ही चाचणी टाळू नका, कारण कंपनी शेवटी याच मुद्द्यावर भांडते. १२ जुलै २०१० रोजी ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेने प्रयोगशाळेतली मोजणी पुढे करून सांगितलं की आयफोन ४ घ्या अशी शिफारस आम्ही करू शकत नाही. चारच दिवसांनी जॉब्स यांनी पत्रकार परिषदेत वेगळेच आकडे मांडले: अँटेनाबद्दल तक्रार करणारे ग्राहक ०.५५ टक्के, आणि आधीच्या आयफोन ३जीएसच्या तुलनेत दर शंभर कॉलमागे तुटणाऱ्या कॉलची वाढ एकाहूनही कमी. एकाने पकडीतली घट मोजली, दुसऱ्याने तुटलेले कॉल. गंमत म्हणजे अनँडटेकवाल्यांनाही हा फोन अगदी क्षीण सिग्नलवर आधीच्यापेक्षा चांगला तग धरताना दिसला होता. तरीही २९ डॉलरचं कव्हर फुकट द्यायला अॅपल त्याच दिवशी तयार झाली, आणि पुढे २०१२मध्ये ग्राहकांनी अमेरिकेत केलेला दावा मिटवताना ग्राहकांना १५ डॉलर किंवा कव्हर असा पर्याय मिळाला. तुमच्या कागदावर घट आणि तुटलेले कॉल, दोन्ही असले की असा फाटा फोडता येत नाही.

तक्रार कशी लिहावी

‘रेंज येत नाही’ एवढंच लिहिलं तर तुम्हाला फोन रिसेट करायला सांगतील. त्यापेक्षा असं लिहा: ‘४जी, बँड अमुक, एकाच जागी. हात न लावता सरासरी उणे ९८. नेहमीच्या पकडीत उणे ११९. त्याच सिमवर, त्याच जागी, दुसऱ्या फोनमध्ये उणे ९६ आणि उणे १०४.’ तारीख आणि पडद्याचे फोटो जोडा. फोन रिसेट आणि अपडेट करून झालाय हेही आधीच लिहून टाका, म्हणजे एक फेरी वाचते. नवा फोन असेल तर हे सगळं परतीची मुदत संपायच्या आत करा, कारण दुरुस्तीपेक्षा बदली केव्हाही सोपी.

उत्तर येईपर्यंत पातळ प्लास्टिकचं किंवा सिलिकॉनचं कव्हर घाला, लांबलचक बोलणं इअरफोनवर करा, घरात वाय-फाय कॉलिंग सुरू ठेवा. बॅटरीखाली चिकटवायचे ‘सिग्नल वाढवणारे’ स्टिकर घेऊ नका, त्यांनी काहीही होत नाही. छपरावर लावायचे बूस्टर मात्र खरोखर काम करतात, पण ते टॉवरलाच त्रास देऊ शकतात, म्हणून बऱ्याच देशांत परवानगीशिवाय लावता येत नाहीत. आधी नेटवर्क कंपनीला विचारा.

फोन दुरुस्त होऊन आला की काउंटरवर दांड्या बघून ‘आता बरं वाटतंय’ म्हणू नका. सर्व्हिस सेंटर बहुधा भरपूर रेंजच्या जागीच असतं. घरी आणा, त्याच पुस्तकांवर ठेवा, जुना कागद शेजारी घ्या आणि मगच तक्रार बंद करायला संमती द्या.