छापखान्यातील जुना संगणक युनिक्स सर्व्हरला जोडताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातल्या छापखान्यांत आजही कोपऱ्यात विंडोज ९८ किंवा एक्सपीचा एखादा संगणक चालू असलेला आढळतो, आणि तो केवळ मालकाच्या काटकसरीमुळे तेथे टिकलेला नसतो. मराठी आणि कन्नड लग्नपत्रिका जुळवण्याचे जुने फाँट युनिकोडपूर्व (सर्व लिप्यांसाठी अक्षरांचे एकच समान संकेत येण्याआधीच्या) काळातील असल्याने त्यांतला मजकूर नव्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. शिवाय सॉफ्टवेअरचे डोंगल (ते चालवण्याची परवानगी देणारी छोटी जोडकळ) प्रिंटरच्या समांतर पोर्टला लागते आणि असे पोर्ट आता सहसा मिळत नाही. तेव्हा संगणक आहे तेथेच राहू द्यावा, मात्र त्यावरील काम लिनक्स किंवा फ्रीबीएसडी ही युनिक्स पद्धतीची प्रणाली घातलेल्या सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांच्या फाइली ठेवणाऱ्या संगणकावर, साठवावे.

विंडोज ९८ला मायक्रोसॉफ्ट कंपनीचा आधार (सुरक्षेच्या दुरुस्त्या) ११ जुलै २००६ रोजी, तर एक्सपीला ८ एप्रिल २०१४ रोजी बंद झाला, म्हणून या संगणकांना इंटरनेट दिसताच कामा नये. सर्व्हरला दुसरे नेटवर्क कार्ड बसवून जुन्या संगणकांचा स्विच (त्यांच्या केबली एकत्र जोडणारी पेटी) त्यालाच जोडावा. त्या कार्डाला १९२.१६८.५०.१ आणि संगणकांना १९२.१६८.५०.११ पासून पुढचे पत्ते हातानेच द्यावेत. मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० ठेवावा, गेटवेची (बाहेरच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या वाटेची) चौकट रिकामी सोडावी आणि सर्व्हरवरील आयपी फॉरवर्डिंग (एका कार्डावरची माहिती दुसऱ्या कार्डाकडे पुढे पाठवणे) बंद असल्याची खात्री करावी. जुने १० एमबीपीएसचे कार्डही आजच्या बहुतेक साध्या स्विचवर चालते. फक्त दोन इमारतींमधून उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नये, कारण खानापूरकडच्या पावसाळ्यात विजेचा एक कडकडाट दोन्हीकडची कार्डे जाळायला पुरेसा होतो.

पत्ता बरोबर बसला की नाही हे विंडोज ९८वर 'विनआयपीसीएफजी' आणि एक्सपीवर 'आयपीकॉन्फिग' सांगते. त्यानंतर सर्व्हरला पिंग करून, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते, पाहावे. पिंगला उत्तर येत नसेल तर पुढचे काहीही करण्यात अर्थ नाही. आधी केबल आणि कार्डाचा दिवा तपासावा.

एक्सपीसाठी सर्व्हरवर सांबा (युनिक्सवरच्या फाइली विंडोजला दाखवणारे सॉफ्टवेअर) लावावे. येथे बहुतेक जण अडकतात, कारण एक्सपीला एसएमबीची (विंडोजच्या फाइल देवाणघेवाणीच्या भाषेची) पहिली आवृत्तीच कळते आणि २०१९ मधील सांबा ४.११ पासून ती मुळातच बंद ठेवलेली असते. सांबाच्या मांडणीच्या फाइलीत 'ग्लोबल' विभागात 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल' या नावापुढे 'एनटी१' लिहिल्याने ती चालू होते (हे शब्द अर्थातच रोमन लिपीत टंकायचे). त्याच विभागात सांबा फक्त या दुसऱ्या कार्डावरच ऐकेल अशी मर्यादा घालावी आणि 'टेस्टपार्म' चालवून फाइल तपासावी. यानंतरही पासवर्ड नाकारला जातो, कारण एक्सपी जुन्या पद्धतीने ओळख पटवते आणि सांबा एनटीएलएम या ओळख पटवण्याच्या पद्धतीची दुसरी आवृत्तीच स्वीकारते. यासाठी सर्व्हर सैल करण्याचा सल्ला वारंवार मिळतो. मला तो पटत नाही. एक्सपीच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या मांडणीच्या नोंदींत) 'एलएसए' या कीखाली 'एलएमकॉम्पॅटिबिलिटीलेव्हल' ३ करून संगणक पुन्हा चालू केला की काम होते. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड 'एसएमबीपासडब्ल्यूडी' ने वेगळे नोंदवावे लागतात. एक्सपीत लॉगिन करतानाचेच नाव आणि पासवर्ड येथे दिल्यास रोज विचारणा होत नाही.

विंडोज ९८ला मात्र सांबाशी झगडायला लावू नये; त्यासाठी आणखी कमकुवत पद्धती चालू कराव्या लागतात. तेथे डॉस खिडकीतील एफटीपी (फाइली पाठवण्याची जुनी आज्ञा) पुरते. पासवर्ड उघडा जातो, हे खरे. पण ही केबल बाहेर कोठेच जात नाही. फाइल चढवण्यापूर्वी 'बिन' टंकून एंटर दाबण्यास विसरू नये. ही एफटीपी आपोआप मजकूर पद्धतीत सुरू होते, आणि त्या पद्धतीत ओळीच्या शेवटच्या खुणा बदलताना पाने जुळवण्याच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरच्या फाइलीतले निर्दोष बाइटही गाळले जाऊ शकतात. एका लग्नपत्रिकेची फाइल मी अशीच पाठवली होती. ती सर्व्हरवर दिसत होती, उघडत मात्र नव्हती. तेव्हापासून 'पुट' (फाइल चढवण्याची आज्ञा) झाल्यावर दोन्ही टोकांचा बाइटमधील आकार जुळवूनच मी मूळ फाइल काढून टाकतो. नावे लहान रोमन अक्षरांत, जागा न सोडता ठेवावीत. युनिक्सला 'पत्रिका' हे नाव लहान आणि मोठ्या रोमन अक्षरांत लिहिले तर ती दोन निराळी नावे वाटतात.

घड्याळाकडेही पाहावे. मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल संपलेला असला तर संगणक दररोज कित्येक वर्षे मागे जातो, आणि एक्सपीवरून कॉपी केलेल्या फाइलीसोबत ती चुकीची तारीखही सर्व्हरवर पोहोचते. सेल बदलून 'नेट टाइम' ने सर्व्हरची वेळ घ्यावी, नाहीतर बदललेल्याच फाइली उचलणारा रात्रीचा बॅकअप आजची पत्रिका जुनी समजून सोडून देतो.